भावाचा रकाना

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पहिल्या वेच्याचा कापूस गावातच येऊन घेणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला घातला आणि पैसे हातात आले. अशा वेळी आमच्या घरी पहिलं काम ठरलेलं असतं, किराणा दुकानाचं मिटवणं. २०२३ सालच्या त्या संध्याकाळी हे शेतातून परतले नव्हते, म्हणून मी गेले. काकाजींनी लांबोळकी लाल वही काढली, बोट ओलं करून आमचं पान शोधलं आणि म्हणाले, "वहिनी, तेवीस हजार सहाशे चाळीस."

जूनपासूनचं होतं ते. पानावर तारखा आणि तारखांपुढं आकडे. ‘किराणा ८४०’, ‘तेल-साखर ३१०’, ‘किरकोळ ९५’. किरकोळ तर दर दोन ओळींनी. त्यातलं मला धड काही आठवेना आणि नाही म्हणायलाही काही सापडेना. मी नोटा मोजून दिल्या, काकाजींनी पानावर तिरपी रेघ ओढली, पोरांसाठी दोन चॉकलेटं दिली. घरी येईस्तोवर मनात एकच गोष्ट घोळत राहिली. पानभर आकडे होते, पण भाव एकाही ओळीत नव्हता.

आता खरी लाजेची गोष्ट सांगते. मी आमच्या बचत गटाची सचिव आहे. गटाची पंचसूत्री मला झोपेतून उठवून विचारली तरी सांगेन. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि पाचवं, नियमित लेखे. दहा जणींचे हप्ते, व्याज, दंड, सगळं माझ्या अक्षरात आहे. दहा रुपयांचा फरक निघाला तर बैठक उठू देत नाही मी. आणि स्वतःच्या घरातल्या साडेतेवीस हजारांचे लेखे कुणाकडं, तर दुकानदाराकडं.

माझी नणंद पुण्याला असते. तिला फोनवर हे सांगितलं, तर तिनं तिची रीत सांगितली. पहिल्या तारखेला पगार होतो, त्याच दिवशी पाकिटं करायची. किराण्याचं वेगळं, भाजीचं वेगळं, दुधाचं वेगळं. पाकीट संपलं की खर्च थांबला. मी उत्साहानं चार पाकिटं केली, वर नावंसुद्धा लिहिली. मग लक्षात आलं, की आमच्याकडं पहिली तारीखच नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू घरात पैसा महिन्यानं येत नाही, हंगामानं येतो. सोयाबीनचा दसरा-दिवाळीला, कापसाचा त्यानंतर दोन-तीन वेच्यांत, तुरीचा संक्रांतीनंतर, विहिरीला पाणी राहिलंच तर थोडा हरभऱ्याचा. तिथून पुढं पैसा फक्त जातो. बियाणं, खत, निंदणाची मजुरी, शाळा. जून ते दिवाळी घरात आवक म्हणजे काय, तर पाऊस. म्हणून या सहा महिन्यांत गाव वहीवर जेवतं.

पाकिटं चुलीत घातली आणि शंभर पानी वही आणली. ठरवलं, की आधी काटकसर-बिटकसर काही करायची नाही, नुसतं लिहायचं. काय आणलं, किती आणलं, काय भावानं आणलं. तीन रकाने.

सासूबाईंना हे अजिबात पटलं नाही. मी रात्री वही घेऊन बसले की त्या तोंड फिरवत. एक दिवस बोलल्याच, "खाल्लेलं असं लिहून ठेवते का कोनी? दिलेलं लिहा, घेतलेलं लिहा. अन्न मोजलं का बरकत जाते, पोरी." मी हसण्यावारी नेलं, पण ते वाक्य गेलं नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात धान्य ढोलीतून निघायचं, डाळ जात्यावर व्हायची, मिरची वावरातली, तेल आपल्याच करडई-जवसाचं घाणीवरून यायचं. विकत काय यायचं, तर मीठ, गूळ, चहापत्ती, रॉकेल. मोजण्यासारखं होतंच किती? त्यांच्या घरात मोजमाप पायलीनं व्हायचं, आणि पायली वर शीग येईपर्यंत भरायची रीत होती. माझ्या घरात सगळं पाकिटात येतं आणि पाकिटाला शीग नसते. हे मी त्यांना काही बोलले नाही. सासू-सुनेच्या बोलण्यात असलं शहाणपण कुणाच्या कामी येत नाही.

तीन महिने लिहिलं आणि वही बोलायला लागली. सगळ्यात आधी बोलले पाच-दहा रुपयांचे पुडे. चहाची दहाची पुडी, हळदीची पाचची, मसाल्याची, शॅम्पूची, पोरांचे कुरकुरीत पुडे. त्या डिसेंबरात सत्तेचाळीस पुडे. म्हणजे दिवसाला दीडच की, असं हे म्हणाले. बरोबर आहे, दीडच. पण चहाच्या दहाच्या पुड्यांवरचे ग्रॅम जोडले आणि पाव किलोच्या पाकिटाशी ताडून पाहिले, तेव्हा पुडीचा चहा आम्हाला किलोमागं कितीतरी महाग पडत होता. आताशा बऱ्याच पाकिटांवर दर ग्रॅमचा भावही बारीक अक्षरात छापलेला असतो. तो वाचायला नववीतल्या पोराचे डोळे लागतात, पण असतो.

दुसरं बोललं ते उधारीच्या भावाचं. जानेवारीत मी रोखीनं साखर आणायला गेले आणि सहज विचारलं, "काकाजी, ही रोखीत किती अन् वहीवर किती?" काकाजींनी जरा वेळ माझ्याकडं पाहिलं. मग सरळ सांगितलं, "रोखीत चव्वेचाळीस, वहीवर सत्तेचाळीस. आजवर कोनी इचारलं नाई, वहिनी." मी मग डाळीचं विचारलं, तेलाचं, पोह्यांचं, साबणाचं. साधारण शंभरामागं सहा-सात रुपये जास्त. म्हणजे त्या तेवीस हजार सहाशेतले चौदाशे-पंधराशे रुपये निव्वळ थांबण्याचे होते.

आधी मला राग आला. मग सचिवाच्या सवयीनं कागदावर मांडून पाहिलं. सहा महिन्यांत थोडं थोडं उचललेलं, म्हणजे सरासरी तीन महिने त्यांचे पैसे आमच्याकडं अडकले. तीन महिन्यांचे शेकडा सहा-सात, म्हणजे महिन्याला शेकडा दोन आणि वर थोडं. आमचा गट अंतर्गत कर्जाला शेकडा दोनच घेतो! काकाजी लुटारू निघाले असते तर बरं झालं असतं, गोष्ट सोपी झाली असती. पण माणूस गटाच्याच भावानं पैसे लावतो, वर पोळ्याच्या आदल्या दिवशी रात्री दहाला दुकान उघडून चणाडाळ देतो. त्यांनाही ठोकवाला पंधरा दिवसांवर थांबत नाही. फरक एवढाच, की गटाचं व्याज मला पाठ होतं, ठरवताना मी समोर होते आणि ते फिरून आम्हा बायांकडंच येतं. इथलं व्याज मी अठरा वर्षं भरत होते आणि ते आहे हेच मला माहीत नव्हतं.

त्याहून मोठं नुकसान आकड्यात धरता येत नाही. वहीवर घेणाऱ्या माणसाला भाव विचारायची सोय नसते. ही डाळ जरा मातकट दिसते, ती दुसरी दाखवा, असं म्हणता येत नाही. पाव किलोच द्या म्हणायला संकोच वाटतो आणि अर्धा किलो लिहून ठेवा म्हणायला वाटत नाही. कारण लिहून ठेवायला हात आखडत नाही, नोट काढायला आखडतो. बाजारात रोखीच्या दहा रुपयांसाठी भाजीवालीशी घासाघीस करणारी मी, काकाजींच्या दुकानात अठरा वर्षं मान खाली घालून पिशवी भरत होते.

मग बजेट कसलं करायचं, तर त्या सहा महिन्यांचं. जानेवारीत पैसे असतात तेव्हा जून ते दिवाळीचा किराणा भरून टाकायचा, आणि जो भरून ठेवता येत नाही त्याचे पैसे वेगळे काढायचे. सांगायला दोन ओळी, करायला वर्ष लागलं. भांडणं सगळ्यात जास्त झाली तुरीवरून.

आमची तूर कपाशीत सहा ओळींमागं दोन ओळी असते. वर्षानुवर्षं ती काढली की पोत्यात भरून मार्केटात. २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही साडेसात हजारांच्या वर थोड्या भावानं सगळी विकली आणि पुढं वर्षभर विकतची डाळ खाल्ली. पावसाळ्यापर्यंत ती दीडशेपार गेली. आपण पिकवलेली तूर अर्ध्या भावात देऊन दुप्पट भावात आणायची, असं मी म्हणायची, पण ते अगदी खरं नाही. तुरीची डाळ करताना टरफल जातं, चुरी जाते, क्विंटलाला सत्तर किलोच्या आसपास डाळ हाती येते. तो हिशेब धरूनही अर्ध्या क्विंटलामागं हजारेक रुपये आमचे गेले होते. पाच माणसांच्या घराला महिन्याला तीन किलो, वर्षाला छत्तीस किलो डाळ लागते. अर्धा क्विंटल तूर घरी ठेवली की भागलं.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी तेच म्हटलं, तर नेमका तुरीला दहा हजारांच्या घरात भाव. हे म्हणाले, "असा भाव पुन्हा भेटत नाही, काढून टाकू सगळी." मी पोत्यावर बसले. खरंच बसले. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्या वहीच्या बाजूनं बोलल्या, "घरी तूर अन् दुकानातून वरन? असं तं माह्या सासऱ्यानं आपल्याले घरात उभं केलं नसतं." एक कट्टा, म्हणजे अर्धा क्विंटल, राहिला.

जुन्या रीतीनं तूर रात्रभर भिजवा, लाल मातीत कालवा, उन्हात वाळवा आणि जात्यावर भरडा. सासूबाईंना सगळं येतं, पण जात्याचा खुंटा ओढायला त्यांचे खांदे नाहीत आणि माझी चिकाटी नाही. शेजारच्या गावात एका गटानं पीकेव्ही मिनी दाल मिल घेतली आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं काढलेलं हे यंत्र विदर्भातल्या खेड्यापाड्यात बरंच पोचलं आहे. तिथं कट्टा नेला. किलोला आठ रुपये भरडाई दिली. पस्तीस किलो डाळ झाली, चुरी शेळ्यांना झाली. मे महिन्यात डाळीला कडक ऊन दाखवलं, एरंडेलाचा हात फिरवला आणि कोठीत भरली. त्या वर्षी दुकानात डाळ एकशे सत्तरला होती. तुरीची सोडलेली किंमत आणि भरडाई वजा केली तर आमचे वाचले किती? पाच-सहाशे रुपये. "एवढ्यासाठी पोत्यावर बसली होती," असं हे अजून सांगतात पाहुण्यांना. सांगू देत. जूनपासून एकदाही मी वहीवर डाळ लिहिली नाही.

गहू चैत्रात भरला, मिरची भिवापूरकडची आणून कांडून घेतली, हळद वायगावची, तीही बहिणीकडून, म्हणजे तिच्या प्रेमाच्या भावानं. रेशनवर आमच्या कार्डाला माणशी पाच किलो धान्य येतं, जानेवारी २०२३ पासून फुकट. त्याबद्दल एवढंच म्हणते, की गाडीवाल्याला तांदूळ विकून त्या पैशांचे पुडे आणणं मी बंद केलं. हो, आधी मीही द्यायची. आता त्याची धिरडी होतात, पोरं नाक मुरडत खातात.

तेलाची मात्र गंमत ऐका. मी मे महिन्यात मोठा डबा घ्यायला तालुक्याला गेले. दोन दुकानांत दोन भाव, दीडशे रुपयांचा फरक, डबे दिसायला सारखे. स्वस्त तो उचलणार, तेवढ्यात वहीच्या खोडीनं अक्षरं वाचली. एक पंधरा लिटरचा, दुसरा पंधरा किलोचा. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, लिटरभर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. म्हणजे पंधरा लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल, सव्वा किलोहून जास्त कमी. दीडशे वाचवून मी तेवढं तेल तिथंच ठेवून येणार होते.

तेलाचा खर्च आम्ही महिन्याला पाच किलोवरून पावणेचारवर आणला. तर्री कमी केली. वऱ्हाडात तर्री कमी करणं म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. पातोडीच्या रश्श्यावर लाल थर नसला की यांना आजारी माणसाचं जेवण वाटतं. तरी तो मोठा डबा सप्टेंबरात तळाला गेला, आणि नेमकं तेव्हाच, १४ सप्टेंबर २०२४ ला, सरकारनं बाहेरून येणाऱ्या तेलावरचं आयात शुल्क वाढवलं. किलोमागं पंधरा-वीस रुपये चढले. सोयाबीनवाल्या शेतकऱ्याच्या भल्यासाठी, असं सांगितलं गेलं. आम्ही सोयाबीनवालेच. महिनाभरानं आमचं सोयाबीन विकलं ते एकेचाळीसशेनं. हमीभाव होता ४,८९२. वहीत या दोन नोंदी एकाच पानावर आल्या आहेत, वर तेल, खाली सोयाबीन. त्या पानाचं काय करायचं हे मला कुठल्या पंचसूत्रीत सापडलं नाही.

भाजीचं म्हणाल तर बाजारच्या दिवशी आता मी उन्हं उतरल्यावर जाते. दुपारी वीसला असलेली वांगी दिवे लागायच्या वेळी दहाला होतात, कारण भाजीवालीलाही टोपली रिकामी करून शेवटची गाडी धरायची असते. २०२३ च्या जुलैत टमाटर दीडशेवर गेला होता, तेव्हा आमच्या घरात आंबोशी आणि अंबाडीनं आंबटाचं काम केलं. पावसाळ्यात बांधावर तरोटा, कुंजरा, घोळ उगवतो, झुडपांवर काटवलं लागतात. निंदायला गेलेल्या बाया ओटीत भाजी घेऊनच परततात, त्यात मी काही नवीन केलेलं नाही. उन्हाळ्यात गवार वाळवते, मुंगवड्या घालते. आई करायची. मध्ये मी सोडलं होतं, एवढंच.

काही ठिकाणी वही मिटून ठेवली. महालक्ष्म्यांना बजेट लागत नाही. ज्येष्ठा-कनिष्ठा अडीच दिवसांच्या माहेरवाशिणी, त्यांच्यापुढं सोळा भाज्या, आंबील, पुरण. मी एकदा पंधरा भाज्यांचं सुचवून पाहिलं. सासूबाईंनी उत्तरसुद्धा दिलं नाही. आणि दारात आलेल्याला चहा. निंदणाच्या बाया, विहिरीवरचा वायरमन, वाट चुकलेला सेल्समन, सगळ्यांना. महिन्याला दीड किलो साखर पाहुण्यांची जाते, असा माझा अंदाज आहे. तो मी मोठ्यानं कधी वाचून दाखवलेला नाही.

एक नोंद वहीत नव्हतीच. गाय आटली तेव्हा अर्धा लिटर दूध विकत सुरू झालं. ते पुरवायचं म्हणून मी कोरा चहा प्यायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, मलाही ते काटकसरीसारखं वाटलं नव्हतं, आपोआप झालं. भाकरी कमी पडली की शेवटची अर्धी कुणाची, हे जसं आपोआप ठरतं तसं. दोन महिन्यांनी एका सकाळी सासूबाईंनी त्यांच्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला आणि विचारलं, "हे लिवलं का तुह्या वहीत?" त्या दिवसापासून दूध पाऊण लिटर येतं. खर्च वाढला.

२०२४ च्या ऑगस्टात राखीच्या आधी लाडकी बहीणचे पहिले तीन हजार खात्यात पडले, दोन महिन्यांचे एकदम. त्यावर गावात काय काय बोललं गेलं ते असो. माझ्यापुरतं सांगते, श्रावण-भादव्याच्या कोरड्या दिवसांत हातात रोख पैसा असण्याची आम्हाला सवयच नव्हती. पोळ्याची चणाडाळ आणि गूळ मी रोखीत आणला. मग पुढचे दीड हजार आले, मग आणखी. आमच्या घरात पहिल्यांदा महिना आला. नणंदेला फोन करून सांगितलं, की आता एक पाकीट करायला हरकत नाही.

२०२४ च्या दिवाळीनंतर मी पुन्हा काकाजींकडं गेले. आमचं पान निम्म्यातच संपलं होतं. नऊ हजार एकशे ऐंशी. माझ्या वहीत नऊ हजार ऐंशी. शंभराचा फरक होता, आम्ही दोघांनी पानं समोरासमोर ठेवून शोधला. चूक माझीच निघाली, साबणाची एक ओळ मी लिहिली नव्हती.

इथं थांबले असते तर छान दिसलं असतं. पण यंदा मृगाच्या आठ दिवसांच्या पावसावर गावानं पेरलं आणि मग तीन आठवडे आभाळानं तोंड दाखवलं नाही. सोयाबीनचं निम्मं वावर मोडावं लागलं. दुबार पेरणीला बियाण्याच्या बॅगा हव्या होत्या, आणि घरात पैसे होते ते एकाच ठिकाणी. मी किराण्याचे वेगळे काढलेले बारा हजार डब्यातून काढून यांच्या हातावर ठेवले. हे काही बोलले नाहीत, मीही नाही. डाळ, गहू, तिखट कोठीत आहे. तेल, साखर, चहा, साबण नाही.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दुकानात गेले. काकाजींनी न विचारता लाल वही ओढली, आमच्या नावाचं कोरं पान काढलं आणि पेन झटकलं.

"साखर दोन किलो," मी म्हटलं. "अन् काकाजी, आकड्याच्या आधी भाव लिहा. मी पन लिहून राहिली."

त्यांनी पट्टी शोधली. ती काही सापडेना, तेव्हा काडेपेटीच्या कडेनं पानावर एक उभी रेघ ओढली.